घरच्या नळाची मुख्य चावी



विहिरीच्या पाण्याची एक गोष्ट चांगली होती. ओढल्याशिवाय ते वर येत नसे. दोर तुटला तर फार तर कळशी बुडायची, घर बुडत नसे. नळाचे तसे नाही. नळाचे पाणी उंचावरच्या टाकीतून दाबाने येते आणि एकदा वाट मिळाली की मालक जागा आहे की झोपला आहे, घरी आहे की शेतात, हे न पाहता वाहत राहते. म्हणून ज्या घरात नळ आला त्या घरात पाणी घ्यायला जशी तोटी लागते, तशी सगळे पाणी एकदम थांबवायला एक मुख्य चावीही लागते. कुणी तिला मेन कॉक म्हणतात, कुणी व्हॉल्व्ह म्हणतात. आपल्याकडे सरसकट चावीच म्हणतात, तेव्हा येथेही तोच शब्द वापरू.

खेड्यापाड्यांतून घरोघरी नळ येऊन फार दिवस झालेले नाहीत. 15 ऑगस्ट 2019 रोजी केंद्र सरकारने जलजीवन मिशन जाहीर केले, तेव्हा देशातील ग्रामीण भागात सुमारे सव्वातीन कोटी घरांतच नळ होता. आता ती संख्या 15 कोटींच्या वर गेली आहे. माणशी दिवसाला 55 लिटर पाणी मिळावे हा त्या योजनेचा हिशेब. नळ आला ही आनंदाचीच गोष्ट आहे. हंडे वाहून ज्यांच्या मानेचे हाड झिजले त्या आपल्या आयाबहिणींना विचारा. पण नळ बसवणारा माणूस पाईप जोडून, तोटी लावून, सही घेऊन निघून गेला; घरच्या लोकांना चावी दाखवली ती थोड्याच ठिकाणी. घरभेटीला गेलो की मी अलीकडे विचारतो, "बाई, पाण्याची मुख्य चावी कुठे आहे?" धनी अंगणाकडे बोट दाखवतात, बाई परसाकडे, आणि मुलगा म्हणतो, "फादर, ती बेळगावच्या काकांना ठाऊक."

पाणी फुटण्याचे प्रसंग आपल्या भागात काही कमी नाहीत. लोंढ्याच्या आसपासचा मुलूख जंगलाचा. छपरावरच्या टाकीच्या पाईपाला वानर लोंबकळते आणि सांधा निखळतो. उन्हाने वर्षानुवर्षे भाजलेला प्लास्टिकचा पाईप काचेसारखा ठिसूळ होतो आणि थोडा धक्का लागला तरी तडकतो. अंगणात वीतभर खोल पुरलेल्या पाईपावरून ट्रॅक्टरचे चाक जाते. गटार किंवा तारेचा चर खणणाऱ्या यंत्राचा दात त्याच्यात अडकतो. एखाद्या रात्री न्हाणीघरातली जुनी तोटीच आट्यांतून निसटून हातात येते.

अशा वेळी किती पाणी जाते ते पाहा. चांगल्या दाबाच्या अर्ध्या इंची पाईपातून 15 लिटरची बादली साधारण मिनिटाभरात भरते. म्हणजे तासाला 900 लिटर. पाच माणसांच्या घराचा वर सांगितलेला दिवसाचा वाटा 275 लिटर. एका तासात त्या घराचे तीन दिवसांचे पाणी वाहून गेले. पण पाणी फुकट जाण्यापेक्षा मोठे नुकसान भिंतीचे असते. आपल्याकडे अजून पुष्कळ घरे चिखलात रचलेल्या भिंतींची किंवा कच्च्या मातीच्या विटांची आहेत. बाहेरून सिमेंटचा गिलावा केलेला असतो, म्हणून घर पक्के दिसते. परंतु पायाशी पाणी मुरले की आतली माती मऊ होते आणि वरचे कौलारू छप्पर तिला पेलवत नाही. अशी भिंत पाणी वाहत असतानाच पडते असे नाही. कधी ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, सगळे कोरडे दिसत असताना बसते. म्हणून मातीच्या भिंतीच्या बुडाशी रात्रभर पाणी साचले असेल, तर पाणी थांबवल्यावरही त्या भिंतीलगत कुणाला झोपवू नये, गुरेही बांधू नयेत. एखाद्या जाणत्या गवंड्याला ती भिंत दाखवावी.

आता चावी शोधायची कशी ते सांगतो. रस्त्यावरच्या मोठ्या पाईपापासून आपल्या घराकडे येणारी बारीक लाईन असते. ती बहुधा काळ्या लवचिक पाईपाची असते आणि तिच्यावर निळी रेघ असते. ती जेथे जमिनीतून वर येते, तेथे जवळपास पहिली चावी असायला हवी. मीटर असेल तर मीटरच्या लगत. कधी ती अंगणात छोट्या सिमेंटच्या पेटीत, झाकणाखाली असते, आणि त्या झाकणावर दहा वर्षांचा पाचोळा साचलेला असतो. ही झाली गावच्या लाईनची चावी.

पण ज्यांच्या छपरावर टाकी आहे त्यांनी येथेच थांबू नये. लाईन बंद केली तरी टाकीतले 500 किंवा 1000 लिटर पाणी घरात उतरतच राहते. टाकीच्या बुडाशी जो पाईप निघतो, त्याच्यावर दुसरी चावी असली पाहिजे. ज्यांच्या अंगणात जमिनीखाली हौद आहे आणि त्यातून मोटारीने पाणी वर चढते, त्यांच्या घरी मोटारीचे बटण ही तिसरी चावी समजावी. घरात बोअरचे पाणीही येत असेल तर चौथी. प्रत्येक चावी कुठले पाणी अडवते हे अंदाजाने ठरवू नये. एकेक बंद करून, सगळे नळ उघडून पाहावे. मग त्या चावीवर तेलरंगाने खूण करावी: लाईनची निळी, टाकीची पांढरी, बोअरची लाल. रंग कोणताही चालेल, घरातल्या सर्वांना ठाऊक असला म्हणजे झाले.

चाव्या मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. एका प्रकाराला गोल चाक किंवा टोपी असते. ती घड्याळाच्या काट्याप्रमाणे, म्हणजे उजवीकडे, फिरवत गेले की आतला पडदा खाली उतरतो आणि पाणी अडते. वाफेच्या इंजिनांचे दिवस ज्यांना आठवतात, त्यांनी स्टेशनात इंजिनात पाणी भरताना असे चाक फिरवणारा माणूस पाहिलेला असेल. दुसऱ्या प्रकाराला आडवा दांडा असतो. दांडा पाईपाच्या ओळीत असेल तर पाणी चालू, पाईपाला काटकोनात आडवा असेल तर बंद. पाव फेऱ्यात काम होते आणि नुसत्या नजरेने कळते. नवीन बसवायची असेल तर दांड्याचीच घ्यावी असे माझे मत आहे. म्हाताऱ्या माणसाला व लहान मुलाला ती काळोखातही फिरवता येते. मात्र दांडा झटक्याने ओढू नये. वाहते पाणी एकदम अडले की पाईपात घणाचा घाव बसल्यासारखा धक्का बसतो आणि एक सांधा वाचवायला गेलो तर दुसरा उखडतो. सावकाश, दोन-तीन श्वासांत बंद करावी.

जी चावी वर्षानुवर्षे फिरत नाही ती जाम होते. आपल्याकडच्या पाण्यात लोह आणि गाळ दोन्ही सापडतात, ते आट्यांत बसतात. मग आणीबाणीच्या वेळी घाबरलेला माणूस पान्हा लावून जोर करतो, आतली कांडी मोडते, आणि आधी निदान बंद होण्याची आशा होती तीही जाते. यावर उपाय अगदी साधा आहे. महिन्यातून एकदा, समजा पहिल्या रविवारी मिस्साहून आल्यावर, चावी पूर्ण बंद करावी आणि पूर्ण उघडावी. चाकाची असेल तर पूर्ण उघडल्यावर पाव फेरा मागे आणून ठेवावी, म्हणजे ती टोकाला अडकून बसत नाही. जाम झालेली असेल तर खोबरेल तेलाचे दोन थेंब कांडीपाशी सोडून एक रात्र थांबावे आणि हाताने थोडी इकडे, थोडी तिकडे अशी हलवत सोडवावी. तरीही न हलली तर प्लंबरला बोलवावे. हे काम एप्रिल-मेमध्ये उरकावे. मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर प्लंबर मिळत नाही, आणि मिळाला तर चरात गुडघाभर पाणी असते.

प्रत्यक्ष पाणी फुटले तर काय करावे, याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी वीज पाहावी, मग पाणी. जमिनीवर पाणी पसरले असेल आणि जवळपास मोटार, तिची वायर, फ्रीज किंवा खालच्या उंचीचे प्लग असतील, तर मुख्य स्विच बंद केल्याशिवाय त्या पाण्यात पाय टाकू नये. मुख्य स्विचपाशी जायला पाण्यातूनच जावे लागत असेल किंवा बोर्डावरच पाणी उडत असेल, तर त्याला हात न लावता सर्वांनी बाहेर पडावे आणि लाईनमनला कळवावे. पाण्याने घर पडले तर पुन्हा बांधता येते. हे लिहिण्याची पाळी यावी याचे वाईट वाटते, पण ओल्या अंगणात मोटारीला हात लावून माणसे दगावल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात ऐकू येतात.

वीज निर्धोक झाली की लाईनची चावी बंद, टाकीची चावी बंद. मग घरातला सर्वांत खालचा नळ उघडावा, म्हणजे पाईपात उरलेले पाणी बादलीत येईल, जमिनीवर जाणार नाही, आणि फुटलेल्या जागेवरचा दाबही जाईल. विजेचा गीझर असेल तर तो बंद केल्याची खात्री करून घ्यावी, कारण पाणी नसताना तो चालू राहिला तर जळतो. सौर बंब असलेल्यांनी एक जास्तीची काळजी घ्यावी. काचेच्या नळ्यांचा बंब भर दुपारी रिकामा झाला तर लगेच थंड पाणी सोडू नये. तापलेली काच तडकते. संध्याकाळी किंवा पहाटे, नळ्या निवल्यावर सोडावे.

चावी मोडली असेल किंवा मुळातच नसेल तर? काळा लवचिक पाईप दुमडता येतो. फुटलेल्या जागेच्या अलीकडे, म्हणजे पाणी येते त्या बाजूला, तो कोपरासारखा घट्ट दुमडावा आणि दोरीने किंवा तारेने बांधावा. पाणी जवळजवळ थांबते. पांढऱ्या किंवा करड्या कडक पाईपाला मात्र हे करू नये, तो मोडेल. बारीक चीर असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापून ती ताणून, एकावर एक वेढे देत बांधावी. तेवढ्यात पंचायतीच्या वॉटरमनला निरोप जाऊ द्यावा. रस्त्यावरची चावी त्याची. ती आपण स्वतः फिरवू नये. आपल्या घरासाठी ती बंद केली तर अख्ख्या वाडीचे पाणी जाते. आणि नंतर ती अर्धवट उघडी राहिली तर वरच्या घरांना महिनाभर पाणी का चढत नाही, हे कुणालाच उमगत नाही.

येथपर्यंतच्या गोष्टी थोड्याफार सर्वांना ठाऊक असतील. आता जी सांगतो तिच्याकडे आपले लक्ष कमी असते. मुख्य चावी पाणी बाहेर जाऊ देत नाही, तशीच ती घाण आत येऊ देत नाही.

आपल्याकडे पाणी चोवीस तास येत नाही. वॉटरमन सोडतो तेव्हा तास-दोन तास येते, मग बंद. पाणी चालू असताना पाईपात दाब असतो, म्हणून चिरेतून पाणी बाहेर येते. पाणी बंद झाले की पाईपातले पाणी उताराकडे सरकते, वरच्या भागात पोकळी होते आणि ती पोकळी बाहेरचे काहीही आत ओढते. तोटी उघडी ठेवली असता पाणी गेल्यावर ती "सुऽऽ" असा आवाज करत हवा ओढते, हे आपण ऐकले आहे. जमिनीखाली जेथे चीर आहे तेथे हवा नसते. तेथे चरातले, गटारातले, शोषखड्ड्याचे किंवा गोठ्याच्या मोरीचे पाणी असते. तेच आत जाते. दुसऱ्या दिवशी पाणी सुटले की ते कुणाच्या तरी हंड्यात येते. घाण आपल्या परसातली असली तरी हंडा खालच्या आळीतल्या घराचा असतो.

ही नुसती शंका नव्हे. बेळगाव, हुबळी-धारवाड व कलबुर्गी या शहरांच्या काही भागांत 2008 च्या सुमारास चोवीस तास पाण्याची योजना चालू झाली, आणि बाकीच्या भागांत पूर्वीसारखेच काही दिवसांआड पाणी येत राहिले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी हुबळी-धारवाडमध्ये दोन्ही प्रकारच्या नळांचे पाणी तपासले. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षाप्रमाणे, थांबून थांबून येणाऱ्या पाण्यात विष्ठेतील जंतू कितीतरी अधिक वेळा सापडले. पाणी सुटल्यावरच्या पहिल्या धारेत गढूळपणा व जंतू जास्त असतात, हेही त्यांनी पुढे दाखवले. 2015 साली आलेल्या आणखी एका अभ्यासात चोवीस तास पाण्याच्या भागात विषमज्वर, म्हणजे टायफॉइड, कमी आढळला. दोन्हीकडचे मूळ पाणी शुद्ध केलेलेच होते. ते बिघडले ते वाटेत.

निपाणीच्या बाजूच्या लोकांना 2012 सालची इचलकरंजीची काविळीची साथ आठवत असेल. दूषित पिण्याच्या पाण्यातून पसरणारी ती कावीळ होती. पुष्कळ लोक आजारी पडले, काही दगावले. या जातीची कावीळ धडधाकट माणसाला काही आठवडे अंथरुणात ठेवते आणि बहुधा सोडून देते. गरोदर बाईला मात्र, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, ती प्राणघातक ठरू शकते. घरात गरोदर सून किंवा लेक असेल तर पावसाळाभर पाणी उकळूनच द्यावे, मग ते नळाचे असो की विहिरीचे.

तेव्हा रोजची सवय अशी असावी. पाणी सुटले की पहिली दोन-तीन मिनिटे ते अंगणातल्या नळातून झाडांना जाऊ द्यावे. स्वच्छ झाले की टाकीकडे वळवावे. पाणी गेले की लाईनची चावी बंद करावी, तोट्याही बंद कराव्यात. लाईनला थेट मोटार लावून पाणी ओढण्याची जी रीत पडली आहे ती सोडावी. शेजाऱ्याचा वाटा ओढला जातो हे तर आहेच, पण मोटारीची ओढ पाईपाच्या प्रत्येक चिरेतून गटारही ओढते, आणि ते पहिल्यांदा मोटारवाल्याच्याच टाकीत पडते.

शेतकऱ्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. काजूवर किंवा भाजीवर फवारणीसाठी ड्रममध्ये औषध कालवताना आपण नळाची रबरी नळी ड्रममध्ये बुडवून ठेवतो आणि भरेपर्यंत दुसऱ्या कामाला लागतो. त्याच वेळी वॉटरमनने पाणी बंद केले तर? वर सांगितलेली ओढ नळीतून औषधाचे पाणी घराच्या पाईपात घेऊन जाते. संध्याकाळी त्याच नळाचे पाणी स्वयंपाकघरात येते. गुरांच्या दोणीत बुडवून ठेवलेल्या नळीचेही तेच. नळीचे टोक पाण्याच्या पातळीपासून निदान चार बोटे वर, लाकडाला बांधून ठेवावे. सर्वांत बरे म्हणजे ड्रम आधी भरून घ्यावा, नळी काढून ठेवावी आणि मग औषध घालावे. बोअरची लाईन व गावची लाईन एकाच पाईपाला जोडलेली असेल तर दोन्हीच्या मध्ये पाणी उलटे न जाऊ देणारा व्हॉल्व्ह बसवून घ्यावा. त्याहून बरे म्हणजे दोन्ही जोड वेगळेच करावेत. व्हॉल्व्हमध्ये काडीकचरा अडकला की तो उघडाच राहतो.

पुराच्या वेळी या सगळ्याचे महत्त्व दहापट होते. ऑगस्ट 2019 मध्ये बेळगाव, कोल्हापूर, सांगली या जिल्ह्यांत महापूर आला. कोल्हापुरात पाणी उपसण्याची केंद्रेच बुडाली आणि बाहेर सगळीकडे पाणी असताना नळ कोरडे पडले. 2021 च्या जुलैतही तोच अनुभव आला. पाईप रिकामे आणि त्यांच्यावर हातभर गढूळ पाणी, याहून वाईट स्थिती नाही. प्रत्येक चीर मग तोंड उघडून पीत असते. म्हणून ओढ्याला पाणी चढू लागले आणि घर सोडण्याची वेळ आली, तर मुख्य स्विच व गॅसबरोबर लाईनची चावीही बंद करून निघावे. टाकी भरलेली असेल तर तिचीही खालची चावी बंद करावी. त्याने दोन लाभ होतात: परत आल्यावर तेवढे स्वच्छ पाणी शाबूत मिळते, आणि भरलेली टाकी जोराच्या वाऱ्याने सहसा हलत नाही. अंगणातला हौद बुडाला असेल तर त्यातले पाणी गेलेच असे धरावे. झाकण घट्ट होते, वरून पाणी स्वच्छ दिसते, असल्या कारणांनी ते पिऊ नये.

पूर ओसरून पाणी पुन्हा सुटले की टाकीची चावी बंदच ठेवावी आणि अंगणातल्या नळातून, रंग व वास जाईपर्यंत, वाहू द्यावे. हौद व टाकी रिकामी करून घासावी. मग भरून ब्लीचिंग पावडर घालावी. पाणी स्वच्छ दिसत असेल तर 1000 लिटरला अडीच ग्रॅम ताजी पावडर हा नेहमीचा हिशेब आहे. गढूळ पाण्याला जास्त लागते, म्हणून आधी गाळ बसू द्यावा. पावडर थोड्या पाण्यात कालवून, खडा खाली बसू द्यावा व वरची निवळी ओतावी. त्यानंतर निदान एक तास ते पाणी वापरू नये. पावडर मोजायचा काटा घरी नसतो, तेव्हा ती आशाताईंकडून किंवा आरोग्य केंद्रातून मोजून आणावी. पावसाळ्यात उघड्या पुड्यातली पावडर ओल धरून निकामी होते. वास येत नसेल तर तिच्यावर भिस्त ठेवू नये. पिण्याचे पाणी खळखळून उकळी आल्यावर आणखी एक मिनिट चुलीवर ठेवावे.

घर काही दिवस बंद राहणार असेल तेव्हाही चावी बंद करावी. 3 डिसेंबरच्या सणाला किंवा एखाद्या लग्नाला सगळे घर गोव्याला जाते. गुरांची सोय शेजारी करतात, कुलूप लावले जाते, पाणी मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही. अशा बंद घरातला सांधा सुटला तर पाणी दाराखालून रस्त्यावर आले तरच शेजाऱ्याला समजते. पोर्तुगीज वेळच्या जुन्या घरांना जाड दगडी भिंती होत्या, त्या एवढ्याने खचत नसत. आपल्या भिंतींचे वर आलेच आहे. शेजारच्यांना किल्लीबरोबर चावीची जागाही दाखवून ठेवावी. जिला चावी दाखवाल ती बहुधा शेजारची बाईच असेल, कारण दिवसा घरी तीच असते. म्हणून पुरुषांनी हे काम "आमच्या हातचे" म्हणून आपल्याकडे ठेवू नये.

बेत असा करावा. या आठवड्यात एका संध्याकाळी, पाणी चालू असताना, घरातल्या सर्वांना चावीपाशी न्यावे. आजी, सून, दहा वर्षांचा मुलगा, प्रत्येकाने ती एकदा स्वतः बंद करून उघडावी. मग दिवा घालवून मुलाला पुन्हा पाठवावे आणि किती वेळात पाणी थांबते ते मोजावे. त्याला हा खेळ वाटेल. लाईनमन व वॉटरमन यांचे फोन नंबर दाराच्या आतल्या बाजूला खडूने नव्हे, रंगाने लिहावेत. ओल धरली की खडू पुसतो. चावी नसलेल्या घरांनी पंचायतीत सांगून प्लंबरकडून बसवून घ्यावी. अर्ध्या इंची दांड्याच्या चावीला फारसा खर्च नाही. पितळेची थोडी महाग पडते, पण ऊन-पावसात उघडी राहणार असेल तर तीच घ्यावी. बसवताना ती जमिनीपासून वीतभर वर ठेवायला सांगावे, म्हणजे चिखलात हात घालावा लागत नाही, आणि तिच्यावर उलटी कुंडी ठेवली की गुरांचा पाय लागत नाही.